दर दहा दिवसांनी मंदावणारा क्लाउड डेटाबेस: तपासणी कोणत्या क्रमाने करावी

कोल्हापूर भागातील एका दूध संस्थेचे संकलन आणि बिलांचे सॉफ्टवेअर माझ्या देखभालीत आहे. त्याचा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीचा असून तो अ‍ॅमेझॉनच्या मुंबई विभागात आरडीएसवर, म्हणजे त्यांच्या डेटाबेस सेवेवर, चालतो. उत्पादकांची बिले दर दहा दिवसांनी, म्हणजे १, ११ आणि २१ तारखेला निघतात. जवळजवळ वर्षभर याच तीन तारखांना सकाळी पावणेसातच्या सुमारास संस्थेच्या संगणक विभागातून फोन यायचा, "साहेब, परत अडकलंय बघा." पुढे हाच बिघाड मला पगारपत्रकाच्या एका सॉफ्टवेअरमध्ये आणि शाळेच्या फीच्या एका सॉफ्टवेअरमध्येही सापडला. प्रत्येक वेळी सर्वांचे डोळे सीपीयूच्या आलेखावर होते आणि बिघाड मात्र ज्या आलेखाकडे कोणी पाहत नव्हते तिथे होता. म्हणून तपासणीचा जो क्रम माझ्या अंगवळणी पडला आहे, तो इथे मांडत आहे. त्यातील बहुतेक तपासण्या फुकट आहेत आणि पहिल्या तीन तर डेटाबेसला हात न लावता होतात.

लक्षणे

काम सुरू झाल्यावर पहिली वीस-तीस मिनिटे सर्व काही सुरळीत असते आणि मग वेग हळूहळू कमी न होता एकदम कोसळतो. त्या वेळी सीपीयूचा वापर दहा-पंधरा टक्क्यांवर असतो, त्यामुळे पाहणारा म्हणतो की सर्व्हर तर रिकामाच आहे. रीड आयओपीएसचा, म्हणजे डिस्कवरून दर सेकंदाला होणाऱ्या वाचनांचा आलेख पट्टीने आखल्यासारखा सपाट होतो. दरपत्रकात चूक सापडली म्हणून त्याच दिवशी बिल पुन्हा काढायला घेतले, तर दुसऱ्या वेळी पहिल्या मिनिटापासूनच गाडी रखडते. रीस्टार्ट केल्यावर पाच-दहा मिनिटे बरे वाटते. दुसऱ्या दिवशी काहीही न करता सर्व ठीक झालेले असते आणि विषय पुढच्या दहा दिवसांसाठी मिटतो.

यांपैकी तीन लक्षणे जुळत असतील तर पुढे वाचावे. वेग महिनोन्महिने थोडा थोडा कमी होत गेला असेल, तर तो बहुधा वेगळा आजार आहे आणि खाली क्वेरीविषयी, म्हणजे डेटाबेसकडे केलेल्या माहितीच्या मागणीविषयी, लिहिलेला भाग (पाचवी तपासणी) आधी वाचलेला बरा.

पहिली तपासणी: घड्याळ

हास्यास्पद वाटेल, पण माझे दोन दिवस यातच गेले आहेत. आरडीएसचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. क्लाउडवॉच या मापनसेवेचा आलेख मात्र पाहणाऱ्याच्या निवडीनुसार यूटीसीत किंवा स्थानिक वेळेत दिसतो. सकाळी ६ वाजून ३३ मिनिटांनी झालेला प्रकार लॉगमध्ये रात्री १ वाजून ३ मिनिटांनी नोंदलेला असतो. रात्रीच्या बॅकअपवर आळ घेऊन मी बॅकअपची वेळ बदलली आणि अर्थातच काही फरक पडला नाही. त्यामुळे आधी एका कागदावर दोन रकाने आखावेत, एकात भारतीय वेळ आणि दुसऱ्यात यूटीसी. मागील तीन प्रसंग केव्हा सुरू झाले, केव्हा संपले आणि त्या वेळी कोणते काम चालू होते, हे त्यात लिहावे. आवर्ती बिघाडात त्याची लय हाच सर्वांत मोठा पुरावा असतो.

दुसरी तपासणी: आलेख काय लपवतो आहे

क्लाउडवॉचमध्ये आठवड्याचा आलेख उघडला की प्रत्येक बिंदू मोठ्या कालावधीची सरासरी दाखवू लागतो आणि सात मिनिटांचे शिखर तासाभराच्या सरासरीत विरघळून जाते. म्हणून प्रसंगाच्या आधीचा एक तास आणि नंतरचे तीन तास एवढाच पट्टा निवडावा, कालावधी एक मिनिटाचा ठेवावा आणि सरासरीसोबत कमाल व किमान मूल्यही लावून पाहावे. शिल्लक दाखवणाऱ्या मापकांसाठी किमान मूल्य महत्त्वाचे असते आणि विलंबासाठी कमाल.

इथे एक व्यावहारिक अडचण आहे. क्लाउडवॉच एक मिनिटाच्या नोंदी १५ दिवसच ठेवते. त्यानंतर ६३ दिवसांपर्यंत पाच मिनिटांच्या आणि ४५५ दिवसांपर्यंत तासाच्या नोंदी उरतात. बिल दहा दिवसांनी निघत असल्यामुळे ११ तारखेला १ तारखेचा आलेख बारकाईने पाहता येतो, पण २१ तारखेपर्यंत तो भरड झालेला असतो. प्रसंग घडला त्याच दिवशी आलेखाचे चित्र जतन करून ठेवावे.

एकक न पाहता आकडा वाचणे ही तितकीच सामान्य चूक आहे. रीड लेटन्सी, म्हणजे एका वाचनाला लागणारा वेळ, सेकंदांत मोजली जाते. आलेखावर ०.१ दिसले की मन म्हणते, नगण्य. प्रत्यक्षात ते १०० मिलिसेकंद आहेत आणि एरवी जे वाचन एक-दोन मिलिसेकंदांत होते, त्याच्या तुलनेत ही कासवगती आहे.

तिसरी तपासणी: शिल्लक

माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा तपास इथेच संपतो, त्यामुळे या टप्प्यावर घाई करू नये.

क्लाउडमधील छोटे सर्व्हर आणि छोट्या डिस्क उसन्या वेगावर चालतात. एरवी कमी वापर केला की क्रेडिट साठते आणि गरजेच्या वेळी ते खर्च होते. जीपी२ प्रकारच्या डिस्कचा मूळ वेग दर जीबीमागे ३ आयओपीएस असतो आणि तो किमान १०० धरला जातो. क्रेडिट शिल्लक असेपर्यंत छोटी डिस्कही ३,००० आयओपीएसपर्यंत धावते. क्रेडिटची टाकी ५४ लाखांची असते.

आमच्या संस्थेची डिस्क १०० जीबीची होती, म्हणजे मूळ वेग ३००. बिलाचे काम सकाळी सहाला सुरू होऊन सुमारे ३,००० च्या वेगाने वाचन करू लागे. टाकीत सेकंदाला ३०० येत होते आणि ३,००० जात होते, म्हणजे २,७०० ची निव्वळ गळती. ५४ लाखांना २,७०० ने भागले की २,००० सेकंद येतात, म्हणजे तेहतीस मिनिटे. सहा वाजून तेहतीस मिनिटांनी टाकी कोरडी पडून वेग एकदशांश होई आणि पावणेसातला माझा फोन वाजे. उरलेले वीस मिनिटांचे काम आता दोनशे मिनिटे घेई. नेमक्या त्याच वेळी गावोगावच्या केंद्रांवर सकाळचे संकलन चालू असल्याने फॅट आणि एसएनएफच्या (फॅट वगळता दुधातील घन पदार्थांच्या) नोंदी जाता जात नसत, आणि काट्यापुढे किटल्या घेऊन उभ्या असलेल्या लोकांना त्या आयओपीएसशी काहीही देणेघेणे नसते.

बिघाड दहा दिवसांनीच का यायचा, याचेही उत्तर याच हिशेबात आहे. रोजचे काम सरासरी २०० आयओपीएस वापरत होते, त्यामुळे टाकीत सेकंदाला १०० ची भर पडे आणि ती भरायला पंधरा तास लागत. पुढच्या दिवशी सकाळी ती जवळजवळ काठोकाठ आणि दहा दिवसांनी तर हमखास. त्याच दिवशी बिल पुन्हा काढले की मात्र टाकी रिकामीच असे.

हे पाहण्यासाठी बर्स्ट बॅलन्स हा मापक उघडावा. तो टक्क्यांत असतो. प्रसंगाच्या वेळी तो शून्याला टेकला असेल आणि त्याच मिनिटाला आयओपीएसचा आलेख सपाट झाला असेल, तर निदान झाले. खऱ्या कामाचा आलेख नेहमी दातेरी असतो आणि सपाट रेघ दिसली की तिथे कोणते तरी छत आहे असे समजावे. डिस्क क्यू डेप्थ पाहिल्यास खात्री पटते. रांगेत ३० विनंत्या उभ्या असतील आणि सेकंदाला ३०० सुटत असतील, तर प्रत्येकीला दशांश सेकंद थांबावे लागणार. वर सांगितलेले ०.१ तिथून येते.

सर्व्हर टी वर्गातील, म्हणजे सीपीयूही उसन्या वेगावर चालवणारा, असेल तर सीपीयू क्रेडिट बॅलन्सही पाहावा. एक क्रेडिट म्हणजे एक आभासी सीपीयू एक मिनिट पूर्ण क्षमतेने. टी३ मीडियमला तासाला २४ क्रेडिट मिळतात आणि त्याचा मूळ वाटा वीस टक्के आहे. जुन्या टी२ वर क्रेडिट संपले की वेग मूळ वाट्यावर येतो. आरडीएसवरील टी३ आणि टी४जी अमर्याद पद्धतीने चालत असल्यामुळे त्यांचा वेग टिकतो, पण जादा क्रेडिटचे पैसे महिनाअखेरीस बिलात येतात. टी३ वर 'क्रेडिट संपले म्हणून मंदावले' असे कोणी म्हणाले तर मी ते मान्य करत नाही.

ईबीएस ही क्लाउडमधील डिस्कची सेवा. तिचे ईबीएस आयओ बॅलन्स आणि ईबीएस बाइट बॅलन्स हे दोन मापक बहुतेकांना माहीतही नसतात. डिस्कचा वेग वेगळा आणि सर्व्हरला डिस्कशी जोडणाऱ्या वाहिनीचा वेग वेगळा. छोट्या सर्व्हरवर ही वाहिनीदेखील उसन्या वेगावर चालते. टी३ मीडियमची कायमस्वरूपी क्षमता सुमारे २,००० आयओपीएस आणि सेकंदाला सुमारे ४३ एमबी इतकीच आहे. त्यापुढचा वेग काही काळच टिकतो. डिस्क मोठी घेऊनही फरक पडत नाही अशी तक्रार आली की मी प्रथम इथे पाहतो. टाकी मोठी केली, तोटी तीच राहिली, असा तो प्रकार असतो.

रीस्टार्टविषयी

रीस्टार्ट करू नये, असे मी ग्राहकाला लेखी देऊन ठेवले आहे. त्याने डिस्कचे क्रेडिट भरत नाही. थोडा वेळ बरे वाटते ते तुंबलेली कनेक्शन तुटल्यामुळे. त्याच वेळी मेमरीत साठलेला डेटा पुसला जातो आणि तो पुन्हा डिस्कवरूनच वाचावा लागतो, म्हणजे ज्याची टंचाई आहे त्याचीच मागणी वाढते. प्रसंग चालू असताना करण्यासारखी गोष्ट एकच आहे: जड काम थांबवावे आणि संकलनासारखे निकडीचे काम चालू राहू द्यावे.

चौथी तपासणी: मेमरी आणि कनेक्शन

शिल्लक शाबूत असेल तर फ्रीएबल मेमरी (मोकळी मेमरी) आणि स्वॅप युसेज (मेमरी अपुरी पडल्याने डिस्कवर हलवलेला भाग) पाहावे. मोकळी मेमरी थोडी कमी दिसली म्हणून घाबरू नये. ती सतत घसरत जाऊन स्वॅप वाढत असेल, तरच काळजी करावी. त्याचा दुवा बहुतेकदा कनेक्शनशी असतो, कारण पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतो आणि तिला तिची मेमरी लागते. डेटाबेस कनेक्शन्सचा आलेख एरवी चाळीस-पन्नासवर असून प्रसंगाच्या वेळी तीनशेवर जात असेल, तर ते मूळ कारण आहे की परिणाम, हे वेळ पाहून ठरवावे. आमच्याकडे आयओपीएस सपाट झाल्यावर तीन मिनिटांनी कनेक्शन वाढत, कारण उत्तर न मिळालेले केंद्रचालक पुन्हा पुन्हा बटण दाबत. कनेक्शन आधी वाढली असतील, तर अ‍ॅप्लिकेशनमधील कनेक्शन पूल तपासावा. कनेक्शनची कमाल मर्यादा वाढवणे हा उपाय मला कधीही उपयोगी पडलेला नाही.

आता प्रथमच डेटाबेसमध्ये शिरावे. पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी या व्ह्यूमधून ज्यांची स्थिती 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' आहे आणि ज्यांचे व्यवहार सुरू होऊन पाच मिनिटांहून अधिक काळ लोटला आहे, अशी सत्रे काढावीत. कोणीतरी दुरुस्तीचा पडदा उघडून चहाला गेलेला असतो, आणि अ‍ॅप्लिकेशनने व्यवहार उघडा ठेवलेला असतो. असे सत्र लॉक धरून ठेवते, शिवाय ते उघडे असेपर्यंत ऑटोव्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या आपोआप चालणाऱ्या साफसफाईला, त्यानंतर मृत झालेल्या ओळी (बदललेल्या किंवा पुसलेल्या ओळींच्या जुन्या प्रती) साफ करता येत नाहीत. सत्र कोणाचे आहे हे विचारून मगच ते संपवावे. अशा सत्रावर 'कॅन्सल' चालत नाही, 'टर्मिनेट'च करावे लागते. त्यानंतर निष्क्रिय व्यवहारासाठी कालमर्यादेचे पॅरामीटर लावून ठेवावे. आमच्याकडे ते दहा मिनिटांवर आहे.

पाचवी तपासणी: वेळ कोण खात आहे

परफॉर्मन्स इनसाइट्स (किंवा त्याची जागा घेणारे क्लाउडवॉच डेटाबेस इनसाइट्स) चालू असेल तर ते उघडावे. एका वेळी सरासरी किती सत्रे सक्रिय आहेत आणि ती कशाची वाट पाहत आहेत, हे तिथे रंगांनी दिसते, आणि सीपीयूच्या संख्येची एक आडवी रेघ असते. भार रेघेच्या वर असून रंग डेटा फाइल वाचनाचा असेल, तर विषय डिस्कचा किंवा अकारण जास्त वाचणाऱ्या क्वेरीचा आहे. रंग लॉकचा असेल, तर मोठा सर्व्हर घेऊन काडीचा फायदा होणार नाही, कारण रांग एका ओळीसाठी लागलेली आहे.

त्यानंतर पीजी स्टॅट स्टेटमेंट्स या क्वेरींच्या आकडेवारीतून डिस्कवरून सर्वाधिक ब्लॉक वाचणाऱ्या पहिल्या पाच क्वेरी काढाव्यात. एकूण वेळेपेक्षा मी वाचलेल्या ब्लॉकची क्रमवारी आधी पाहतो, कारण क्रेडिट त्यांच्यामुळे संपते. पोस्टग्रेसचा ब्लॉक ८ केबीचा असतो, त्यामुळे गुणाकार करून किती एमबी वाचले हे लगेच कळते. आमच्या बिलात दहा दिवसांच्या नोंदी हव्या असताना एक क्वेरी संकलनाचे संपूर्ण टेबल वाचत होती, कारण उत्पादक क्रमांक आणि तारीख या दोन्हींचा मिळून इंडेक्सच नव्हता. तो 'कॉन्करंटली' पद्धतीने, टेबलावरील लेखन न अडवता, दुपारच्या निवांत वेळी बांधला आणि पन्नास मिनिटांचे काम नऊ मिनिटांवर आले.

क्वेरीचा आराखडा पाहताना एक सावधगिरी आवश्यक आहे. 'एक्सप्लेन अ‍ॅनलाइझ' क्वेरी खरोखर चालवते. अपडेट किंवा डिलीटवर ते वापरायचे असेल, तर आधी व्यवहार उघडावा आणि शेवटी रोलबॅक करावा. हे विसरून एका सहकाऱ्याने चाचणीच्या नादात दोन महिन्यांच्या नोंदी पुसल्या होत्या आणि बॅकअपवरून त्या परत आणण्यात आमची एक रात्र गेली.

वेग महिनोन्महिने घसरत आला असेल, तर मृत ओळींची संख्या पाहावी. पोस्टग्रेसमध्ये ऑटोव्हॅक्यूमचा मूळ निकष टेबलाच्या वीस टक्के ओळी मृत होण्याचा असतो. पाच कोटी ओळींच्या टेबलात याचा अर्थ एक कोटी मृत ओळी साचेपर्यंत कोणी झाडू हातात घेत नाही. अशा मोठ्या टेबलासाठी स्वतंत्रपणे दोन टक्क्यांचा निकष लावता येतो.

सहावी पायरी: पैसे खर्च करणे

एवढे झाल्यावरच डिस्क किंवा सर्व्हर बदलण्याचा विचार करावा. जीपी३ डिस्कला आकार लहान असला तरी ३,००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी हा मूळ वेग मिळतो आणि तिच्यात क्रेडिटची टाकीच नसते. जीपी२ वरून जीपी३ वर जाताना डेटाबेस बहुधा चालूच राहतो, पण त्यानंतर डिस्कचे ऑप्टिमायझेशन बराच काळ चालते, विलंब वाढू शकतो, आणि किमान सहा तास डिस्कमध्ये दुसरा बदल करता येत नाही. त्यामुळे हे काम बिलाच्या आदल्या दिवशी करू नये. मी ते १३ तारखेला केले. डिस्कची जागा वाढवणे सोपे आणि कमी करणे जिकिरीचे असते, म्हणून केवळ वेगासाठी जागा वाढवण्याचा जुना उपाय आता करू नये.

कुठे थांबावे आणि जाणकाराला बोलवावे

पुढील परिस्थितीत स्वतः प्रयोग करू नयेत. मॅक्सिमम युज्ड ट्रान्झॅक्शन आयडीज, म्हणजे वापरले गेलेले व्यवहार क्रमांक मोजणारा मापक, एरवी २० कोटींच्या आसपास पोहोचल्यावर ऑटोव्हॅक्यूम तो खाली आणतो. तो १०० कोटींच्या पुढे जाऊन चढतच असेल, तर त्याच दिवशी अनुभवी डीबीएला (डेटाबेस तज्ज्ञाला) बोलवावे, कारण दोनशे कोटींच्या पलीकडील मर्यादा जवळ आली की पोस्टग्रेस नवे लेखन स्वीकारणे थांबवतो. लॉगमध्ये अवैध पान किंवा चेकसमची चूक दिसली, तर काहीही दुरुस्त करण्याआधी स्नॅपशॉट घ्यावा आणि तिथेच थांबावे. टेबले वाढत नसताना मोकळी जागा झपाट्याने कमी होत असेल, तर एखादा रिप्लिकेशन स्लॉट (डेटाची प्रत दुसरीकडे पाठवण्यासाठी ठेवलेली खूण) जुने लॉग धरून बसलेला असू शकतो. तो कोण वापरत आहे हे माहीत नसेल, तर तो काढू नये. 'व्हॅक्यूम फुल' टेबलाला पूर्ण कुलूप लावते, त्यामुळे कामाच्या वेळेत ते चालवणे म्हणजे स्वतःच संप पुकारणे आहे.

सर्व शिल्लक भरलेल्या, आयओपीएस कमी, रांग लहान आणि तरीही रीड लेटन्सी पन्नास मिलिसेकंदांच्या वर, असे चित्र दिसले तर दोष आपल्या आवाक्याबाहेर आहे. अशा वेळी क्लाउड कंपनीच्या सपोर्टकडे तक्रार नोंदवावी, आणि तिच्यात यूटीसीतील वेळ, डेटाबेसचे नाव, विभाग आणि एक मिनिटाच्या कालावधीचे तीन आलेख जोडावेत. 'डेटाबेस स्लो आहे' एवढेच लिहिले, तर पहिले दोन दिवस प्रश्नोत्तरांतच जातात.

इशाऱ्यांविषयी एक तपशील

जीपी२ असेपर्यंत बर्स्ट बॅलन्स चाळीस टक्क्यांखाली सलग तीन मिनिटे राहिला तर संदेश यावा, असा अलार्म मी लावला होता. त्यामुळे जड काम थांबवायला दहाएक मिनिटे हाताशी मिळत. डिस्क जीपी३ झाल्यावर हा मापक येणेच बंद झाले आणि अलार्म 'अपुरी माहिती' या स्थितीत जाऊन पडला. यादीत तो लाल नसल्यामुळे तीन आठवडे कोणाच्या लक्षातच आले नाही की आता पहाऱ्यावर कोणीही नाही. सध्या त्याच्या जागी ईबीएस आयओ बॅलन्स, डिस्क क्यू डेप्थ आणि रीड लेटन्सी या तिघांवर अलार्म आहेत आणि 'अपुरी माहिती' या स्थितीचाही संदेश मोबाइलवर येतो.